पुसलेली डिस्क दिसेना, तेव्हा तपकीर गल्लीतलं दुकान

भाचीला द्यायचा म्हणून माझा २०१५ चा मॅकबुक प्रो घरीच साफ केला. डिस्क पुसली, पुन्हा चालू केला, तर पडद्यावर प्रश्नचिन्हाचं फोल्डर. शिफ्ट-ऑप्शन-कमांड-आर दाबून इंटरनेट रिकव्हरीत (नेटवरून सिस्टीम उतरवून दुरुस्ती करायची सोय) गेले, तर तिथे आतली डिस्क धड दिसेना. एका दुकानात तर न उघडताच "एसएसडी (आतली डिस्क) गेली, बदला" म्हणाले. फार वाईट वाटलं.

मग पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या, जिना चढून जायच्या छोट्या दुकानात गेले. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, कोणती बटणं दाबून चालू केलात?" तिथेच उत्तर होतं. त्या बटणांनी लॅपटॉपसोबत आलेली मॅकओएसची (मॅकच्या सिस्टीमची) जुनी आवृत्ती योसेमिटी उतरते, आणि तिला २०१७ मध्ये हाय सिएरा या आवृत्तीसोबत आलेली एपीएफएस ही डिस्कवर फाइली ठेवायची रचना कळत नाही. शिफ्ट न दाबता फक्त ऑप्शन-कमांड-आर दाबलं की नवी आवृत्ती माँटेरे येते. मग डिस्क युटिलिटी या डिस्क सांभाळायच्या अ‍ॅपच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो ऑल डिव्हायसेस' निवडायचं. काकांनी ते केलं आणि सगळ्यात वर आमची डिस्क, जशीच्या तशी! तीच वरची ओळ निवडून एपीएफएस आणि जीयूआयडी पार्टिशन मॅप (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची पद्धत) असं निवडून पुन्हा पुसलं, वर माँटेरे घातली.

दोन तास लागले, बसायला एकच स्टूल. घेतले ३०० रुपये, आणि प्रत्येक पायरी माझ्याकडून वहीत लिहून घेतली. पुढच्या वेळीही तिथेच जाईन. जुना डेटा परत आला नाही, पण तो आधीच कॉपी केला होता.