रूफ रेक, हीट केबल आणि माळ्याचे इन्सुलेशन : मिनेसोटातील सात महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे २०२२ चा हिवाळा सुरू होण्यापूर्वी, आम्ही घराच्या छपरासाठी दोन खर्च केले. पहिला लहान होता : छपरावरचा बर्फ जमिनीवर उभे राहून ओढता यावा यासाठी एकवीस फूट दांड्याचा ॲल्युमिनियमचा रूफ रेक घेतला. दुसरा बराच मोठा होता : माळ्यातून होणारी उबदार हवेची गळती बुजवून घेतली आणि इन्सुलेशन वाढवले. तिसरी वस्तू, म्हणजे वळचणीवर नागमोडी बसवलेली, विजेने तापणारी हीट केबल, २०१९ पासून आमच्याकडे होतीच. आता मे महिना उजाडला आहे, अंगणातला शेवटचा बर्फही गेला आहे, आणि या तिन्हींची परीक्षा घेण्यासाठी याहून कठीण हिवाळा मिळाला नसता. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस आणि सेंट पॉल परिसरात, म्हणजे आमच्याकडे, एरवी वर्षाला साधारण ५० इंच बर्फ पडतो. या वेळी तो ९०.३ इंच पडला, आणि नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनच्या सर्वाधिक बर्फाच्या हिवाळ्यांत हा तिसरा ठरला.

आमचे घर १९७४ साली बांधलेले, एकमजली आहे. इकडे अशा घराला रॅम्बलर म्हणतात. घर घेतल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, एकाच महिन्यात ३९ इंच बर्फ पडला आणि तो फेब्रुवारीपुरता विक्रम ठरला. त्या महिन्याच्या शेवटी एके सकाळी झोपण्याच्या खोलीत खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेतून पाणी ठिबकू लागले. बाहेर तापमान उणे १५ अंश असताना पाणी येते कुठून, हेच आधी कळेना. संध्याकाळपर्यंत छतावर परातीएवढा पिवळसर डाग उमटला होता. बर्फ काढायला बोलावलेल्या माणसाने कुऱ्हाडीने बर्फ फोडला आणि त्याबरोबर सात-आठ शिंगल्सही, म्हणजे छपरावर कौलांसारखे बसवलेले पातळ तुकडेही, फोडल्या. नंतर आलेल्या दुसऱ्या ठेकेदाराने केबल बसवली आणि आता पुन्हा हा त्रास होणार नाही, अशी खात्री दिली. त्रास पुन्हा झाला, म्हणूनच हे लिहीत आहे.

आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच, असे आपल्याकडे म्हणतात. इथल्या हिवाळ्यात ते वळचणीपर्यंत येते, तिथे अडते आणि उलट वर चढते. घरातली ऊब माळ्यात शिरली की छपराचा मधला भाग तापतो, बर्फाचा सर्वांत खालचा थर वितळतो, आणि ते पाणी बर्फाच्या पांघरुणाखालून उतारावरून खाली येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिला घराची ऊब मिळत नाही, त्यामुळे तिथे पोहोचताच पाणी गोठते. रोज थोडे थोडे गोठत त्याचा बांध तयार होतो, आणि मागून येणारे पाणी त्या बांधामागे तुंबून शिंगल्सच्या खाली घुसते. शिंगल्सची रचना वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असते, साचलेल्या पाण्यासाठी नसते. पन्हळीला लटकणारे बर्फाचे लांब सुळे, म्हणजे गोठलेल्या पागोळ्याच, छायाचित्रात सुंदर दिसतात. पण घरमालकाने त्यांच्याकडे माळ्यातून ऊब निसटत असल्याची खूण म्हणून पाहावे.

म्हणून तिन्हींपैकी माळ्याच्या कामाविषयी आधी लिहितो. काम सुरू होण्यापूर्वी मी तपासनिसाबरोबर स्वतः माळ्यात चढलो. तुळयांमध्ये जेमतेम सहा इंच जाडीचे जुने पिवळे फायबरग्लास होते, आणि त्यावर ठिकठिकाणी काजळी धरल्यासारखे काळे पट्टे होते. मला ती बुरशी वाटली. त्याने एक तुकडा उचलून दाखवला : त्याच्या बरोबर खाली दिव्याच्या वायरीसाठी पाडलेले भोक होते. घरातली उबदार हवा त्या भोकातून वर्षानुवर्षे वर येत होती आणि फायबरग्लासने गाळणीसारखी तिच्यातली धूळ धरून ठेवली होती. म्हणजे ते काळे पट्टे गळतीचा नकाशाच होता. पुढे न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न जाता माळ्यातच सोडून दिलेला आढळला. या घरातल्या अंघोळीची सगळी वाफ जवळजवळ पन्नास वर्षे तिथेच जात असावी. छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या खिळ्यांची टोके त्या भागात गंजून लाल झाली होती, कारण थंडीत त्यांच्यावर दव गोठते आणि ऊन पडले की ते वितळून खाली टपकते.

कामगारांनी दोन दिवसांपैकी जवळजवळ पूर्ण एक दिवस केवळ भोके बुजवण्यात घालवला. वायरींची छिद्रे, सांडपाण्याच्या उभ्या पाइपाभोवतीची फट आणि माळ्याच्या झडपेच्या कडा बंद केल्या. चिमणीभोवतीची जागा आगीच्या धोक्यामुळे फोमने न भरता पत्रा आणि उष्णता सोसणारे सीलंट वापरून बंद केली. पंख्याचा पाइप बाहेर काढला. वळचणीच्या छिद्रांतून येणारी थंड हवा अडू नये म्हणून प्रत्येक दोन वाशांमध्ये पन्हळीच्या आकाराचे तक्ते बसवले, आणि त्यानंतरच यंत्राने सेल्युलोज उडवून एकूण थर आर-४९ च्या (आर म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचे माप) थोडा वर नेला. जुन्या वर्तमानपत्रांपासून बनवलेला हा राखाडी भुगा पाहून माझ्या पत्नीला शंका आली होती, पण त्यात आग रोखणारे बोरेट मिसळलेले असते. एकूण खर्च सुमारे २,९०० डॉलर आला. स्वस्तात काम करणारे नुसता भुगा उडवून जातात. फटी न बुजवता इन्सुलेशन टाकले तर उबदार हवा त्यातूनही वाट काढते. ठेकेदाराशी बोलताना भोके कोणकोणती आणि कशाने बुजवणार, हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

याचा परिणाम जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दिसला. तीन दिवसांत जवळजवळ १५ इंच ओला, जड बर्फ पडला. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच घरांची छपरे आढ्याजवळ बर्फ वितळून काळी दिसू लागली आणि पन्हळींना हातभर सुळे लटकले. आमच्या छपरावरचा बर्फ मात्र आढ्यापासून वळचणीपर्यंत सारख्या जाडीचा राहिला. चार वर्षे त्या खिडकीकडे धास्तीने पाहिल्यानंतर तो एकसारखा पांढरा उतार पाहून मला किती हायसे वाटले, हे शब्दांत नीट सांगता येणार नाही.

तरीही रेकची गरज संपत नाही. छपरावर बर्फच कमी राहिला तर वितळायलाही कमी उरतो, शिवाय वजनाचा प्रश्न असतोच. ताज्या भुसभुशीत बर्फाचा दहा-बारा इंचांचा थर दर चौरस फुटाला साधारण पाच पौंड भरतो; तोच दबून घट्ट झाला की तीन ते पाच इंचांतच तेवढे वजन होते. म्हणून बर्फ थांबल्यापासून एका दिवसाच्या आत रेक फिरवावा. मी एकदा दोन दिवस थांबलो, मध्ये ऊन पडून पुन्हा गोठले, आणि पाते वरच्या कडक सालीवरून नुसते घसरत राहिले. पात्याला लहान चाके असलेलाच रेक घ्यावा, म्हणजे ते शिंगल्सवर घासत नाही; आणि एक-दोन इंच बर्फ मुद्दाम ठेवावा, कारण पार स्वच्छ करण्याच्या नादात शिंगल्सवरचे खडीसारखे दाणे निघून येतात. पूर्ण एकवीस फूट लांबी जोडली की दांडा मध्ये वाकतो आणि खांदे भरून येतात. आमच्या एकमजली घराला पंधरा-सोळा फूट पुरतात आणि तेवढ्यावर नियंत्रण चांगले राहते. दुमजली घरासाठी मी हे साधन सुचवणार नाही. दांडा धातूचा आहे, त्यामुळे खांबावरून घराकडे येणारी विजेची तार ज्या बाजूला आहे तिकडे मी तो नेतच नाही.

एक चूक सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. जानेवारीत पूर्वेकडच्या उतारावरचा बर्फ ओढला तेव्हा त्याचा ढीग भिंतीलगत कमरेएवढा झाला. त्याच भिंतीतून फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची, हवा घेणारा आणि धूर सोडणारा असे दोन पांढरे पाइप बाहेर येतात, आणि ते दोन्ही गाडले गेले. रात्री दोनच्या सुमारास घर गार पडल्याने जाग आली. फर्नेसने हवेचा दाब बिघडल्याचे ओळखून स्वतःला बंद केले होते. ती व्यवस्था नसती तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठण्याचा धोका होता. उणे २२ अंशांत फावडे घेऊन मी पाइप मोकळे केले. तेव्हापासून रेक फिरवण्याआधी पाइपांच्या जागी काठी रोवून खूण करतो, आणि काम झाल्यावर तो ढीग भिंतीपासून दूर लोटतो, म्हणजे वसंतात त्याचे पाणी तळघरातही उतरत नाही.

हीट केबलविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. आमची केबल १२० फूट आहे आणि फुटाला ५ वॉट घेते, म्हणजे ६०० वॉट. ती दिवसरात्र चालू ठेवली तर रोज १४.४ युनिट जातात आणि तीन महिन्यांत जवळजवळ १,३०० युनिट होतात. आधीचे तीन हिवाळे आम्ही हे बिल भरले, आणि तरीही २०२१ मध्ये त्या डागाच्या शेजारी दुसरा डाग पडला, कारण केबल बांधातून पाण्याला फक्त अरुंद वाट करून देते. बांध ज्यामुळे तयार होतो ते कारण तसेच राहते. या वर्षी ती बहुतेक काळ बंद होती. फेब्रुवारीच्या वादळात एक फुटाहून जास्त बर्फ पडला, तेव्हा स्वयंपाकघराच्या वर जिथे छपराचे दोन उतार एकमेकांना मिळतात, त्या कोपऱ्यात हातभर रुंदीचा बांध तयार झाला. दोन्ही बाजूंचा बर्फ तिथेच गोळा होतो आणि रेक तिथे पोहोचत नाही. तेवढ्या जागेसाठी चार-पाच दिवस केबल लावली आणि पाणी आत आले नाही. पुढच्या वर्षी बाकीची काढून फक्त त्या कोपऱ्यात तीस फूट ठेवणार आहे. केबल लावायची तर दोष येताच वीज तोडणाऱ्या सुरक्षित सॉकेटलाच जोडावी. बांध आधीच झाला असेल तर कॅल्शियम क्लोराइड पातळ मोज्यात भरून तो मोजा बांधावर उताराच्या दिशेने, पन्हळीशी काटकोनात ठेवतात. खाण्याचे किंवा रस्त्यावर टाकायचे मीठ वापरू नये, ते पन्हळीचा धातू आणि खालची झाडे दोन्ही खराब करते.

कोकणात आमच्या घरी वैशाखात शाकारणी व्हायची. फुटकी कौले बदलून, पन्हळी साफ करूनच बाबा मृगाची वाट पाहायचे. इथला मृग नोव्हेंबरात येतो, एवढाच फरक. मेपलची पाने ऑक्टोबरात गळतात, पण ओक उशिरापर्यंत पाने धरून ठेवतो, म्हणून पन्हळी दोनदा साफ कराव्या लागतात आणि दुसरी खेप पहिल्या टिकाऊ बर्फाआधी उरकावी लागते. गेल्या वर्षी मी ती ८ नोव्हेंबरला केली.

या एप्रिलच्या शेवटी पन्हळीतून ओंजळभर शिंगल्सचे दाणे निघाले. मागच्या वर्षीपेक्षा जास्त आहेत आणि रेक फिरवलेल्या बाजूलाच आहेत. दुर्बिणीतून पाहता पूर्व उतारावर दोन शिंगल्सच्या कडा उचललेल्या दिसल्या, तर चिमणीच्या पायाचा पत्रा शाबूत आहे. त्या दोन शिंगल्स जूनमध्ये बसवून घेणार आहे, आणि झोपण्याच्या खोलीतल्या छताला मागच्या रविवारी रंग दिला.