माद्रिदचं देस्काल्सास की बार्सिलोनाचं पेद्राल्बेस? स्पेनमधला मठ निवडताना

स्पेनच्या आठ-दहा दिवसांच्या सहलीत कॅथेड्रलं, राजवाडे आणि प्रादो संग्रहालय उरकता उरकता मठांसाठी जेमतेम एखादी दुपार हाताशी राहते. माद्रिदला जाणाऱ्यांना कुणीतरी देस्काल्सास रेआलेस सुचवतं, बार्सिलोनाला जाणाऱ्यांना पेद्राल्बेस. घरबसल्या फोटो बघितले तर दोन्हीकडे दगडी कमानी, जुनी धार्मिक चित्रं आणि अंधारलेले जिने. मग सगळं एकच वाटायला लागतं आणि जे वाटेत पडेल ते बघू, असं ठरतं.

माझं म्हणणं एवढंच की शतक, शैली वगैरे नंतर बघा. आधी विचारा, तिथे अजून कुणी राहतं का? तिकीट किती आधी काढायचं, आत किती वेळ मिळणार, मोबाइल खिशात ठेवावा लागणार का, हे बहुतेक त्या एका उत्तरावरून ठरतं.

तुलनेला हीच जोडी बरी, कारण दोन्ही मठ एकाच पंथाचे, संत क्लेअरच्या नन्सचे. दोन्ही राजघराण्यातल्या बायकांनी स्थापले आणि दोघींनी वैधव्य त्यांच्याच आसऱ्याने काढलं. फरक असा की देस्काल्सासमध्ये नन्स अजून राहतात, आणि पेद्राल्बेसच्या जुन्या इमारतीचं 1983 साली संग्रहालय झालं, तेव्हा तिथल्या नन्स शेजारच्या नव्या इमारतीत राहायला गेल्या.

देस्काल्सास माद्रिदच्या ऐन बाजारपेठेत आहे, पुएर्ता देल सोल या मध्यवर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. बाहेरून साधी वीट-दगडाची भिंत, आत मुळातला राजवाडा. सम्राट पाचव्या चार्ल्सची मुलगी हुआना इथेच 1535 साली जन्मली. तिचं लग्न पोर्तुगालच्या युवराजाशी झालं. 1554 च्या जानेवारीत तो गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच तिला मुलगा झाला. तान्ह्या मुलाला लिस्बनला ठेवून ती स्पेनचा कारभार बघायला परत आली, त्याला पुन्हा कधीच भेटली नाही. 1559 साली तिने हा मठ सुरू केला. तो मुलगा म्हणजे राजा सेबॅस्टियन, तिसऱ्या वर्षी पोर्तुगालच्या गादीवर बसलेला, म्हणजे त्या वेळच्या गोव्याचाही राजा. 1578 साली तो मोरोक्कोच्या लढाईत पडला आणि दोनेक वर्षांत पोर्तुगाल, गोव्यासकट, त्याच्या मामाकडे, दुसऱ्या फिलिपकडे गेलं. हुआनाची कबर याच मठात आहे, वर गुडघे टेकून प्रार्थना करणारा तिचा संगमरवरी पुतळा.

राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या मुली इथे नन व्हायला येत आणि त्यांच्यासोबत मौल्यवान वस्तूही येत. म्हणून बाहेरच्या भिंतीवरून कल्पना येणार नाही इतका ऐवज आत आहे. नन्सच्या जुन्या शयनगृहात रुबेन्सच्या आराखड्यांवरून ब्रसेल्समध्ये विणलेले प्रचंड भित्तिपट टांगलेले आहेत. मला मात्र जिना जास्त आवडतो. त्याच्या भिंतीवर एक खोटा सज्जा रंगवलाय आणि त्यात राजा चौथा फिलिप, राणी मारियाना आणि त्यांची दोन मुलं खाली बघत उभी आहेत. त्यातली मुलगी मार्गारिता, म्हणजे प्रादोमधल्या व्हेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ चित्राच्या मधोमध उभी असलेली तीच. आदल्या दिवशी प्रादो केलं असेल तर तिला बघून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

आता किंमत. पैशांची नव्हे, सोयीची. देस्काल्सास फक्त मार्गदर्शकाबरोबर बघता येतं, तेही बहुतेक वेळा स्पॅनिशमध्ये, साधारण तासाभरात. गट लहान असतात, म्हणून जागा आधीच संपतात. ऑनलाइन तिकीट न काढता दारात जाऊन उभं राहणं म्हणजे नशिबावर सोडणं. सोमवारी बंद, दुपारीही मधे बंद. फोटोला सक्त मनाई. आणि एखादी नन दिसेल अशी आशा धरू नका, त्या आपल्या भागात असतात आणि पाहुण्यांची वेळ त्यांच्या वेळेला धक्का न लावता आखलेली असते. एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: काही ठरावीक वेळी प्रवेश मोफत असतो, पण तो युरोपीय संघाच्या आणि लॅटिन अमेरिकेच्या लोकांसाठी. भारतीय पासपोर्टला पूर्ण तिकीट. जर्मनीत किंवा नेदरलंड्समध्ये नोकरीला असलेल्या आपल्या लोकांनी तिथलं रहिवासाचं कार्ड जवळ ठेवावं, ते चालतं.

पेद्राल्बेसला सोमवारची सुट्टी सोडली तर यातलं काहीच नाही. ऑडिओ गाइड घ्या, हवं तिथे थांबा, फ्लॅश न लावता फोटो काढा, मुलांना बाहेरच्या हिरवळीवर सोडा. मठाच्या चौकाभोवती तीन मजली ओवऱ्या आहेत, एकेक बाजू चाळीसेक मीटर लांब, खांब इतके सडपातळ की एवढा भार त्यांनी पेललाय हे खरं वाटत नाही. मधे कारंजं आणि औषधी झाडांची बाग. ओवरीत कोठडीएवढ्या खोल्या, दिवसा एकांतात प्रार्थनेला बसायच्या. एका खोलीत 1346 साली फेर्रेर बास्साने रंगवलेली भित्तिचित्रं आहेत, रंग अजून ताजे. पुढे स्वयंपाकघर, जेवणघर, आजाऱ्यांची खोली. नन्सचा दिवस कसा जात असेल ते इथे भांड्याकुंड्यांसकट कळतं. देस्काल्सासमध्ये वैभव बघायला मिळतं, घर कसं चालायचं ते कळत नाही.

राणी एलिसेंदा दे मोंतकादाने हा मठ 1326 साली उभारायला घेतला, पुढच्याच वर्षी तिचा नवरा, आरागोनचा राजा दुसरा जाउमे, वारला. ती नन झाली नाही, मठाला लागून छोटा वाडा बांधून 1364 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिली. तिची कबर चर्च आणि ओवरीच्या मधल्या भिंतीत आहे आणि तिला दोन बाजू आहेत. चर्चच्या बाजूने बघितलं तर ती मुकुट घातलेली राणी, ओवरीच्या बाजूने बघितलं तर साध्या वस्त्रातली विधवा. दोन्हीकडून बघा, घाईत लोक एकच बाजू बघून निघून जातात.

पेद्राल्बेसची अडचण अंतराची. शहराच्या वरच्या अंगाला आहे, कातालुन्या चौकातून एफजीसी या उपनगरी रेल्वेची गाडी धरून, सारियाला गाडी बदलून रेइना एलिसेंदा स्टेशनला उतरायचं, मग थोडं चालायचं. जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो. रविवारी दुपारी तीननंतर मोफत असतं, पासपोर्ट कुठलाही असो.

मग कुठलं? आई-वडील किंवा मुलं बरोबर असतील आणि स्पॅनिश येत नसेल तर पेद्राल्बेस, यात मला शंका नाही. चित्रकलेत किंवा युरोपच्या राजघराण्यांत रस असेल तर देस्काल्सास, भाषा कळली नाही तरी. फक्त जाण्याआधी तासभर वाचून जा. देस्काल्सासचं तिकीट मिळालं नाही तर लोक राजवाड्याजवळच्या एन्कार्नासिओन मठात जातात. 1611 साली स्थापलेला, संतांच्या शेकडो अवशेषांची एक खोली असलेला. पर्याय म्हणून ठीक आहे, बरोबरीचा नाही. अपवाद 27 जुलैचा. त्या दिवशी संत पान्तालेओनचं कुपीतलं रक्त पातळ होतं अशी श्रद्धा आहे आणि ते बघायला रांगा लागतात.

स्पेनमध्ये रिकामे मठ एवढे का, हा प्रश्न पडेलच. 1835-36 मध्ये पंतप्रधान मेन्दिसाबालच्या सरकारने मठ बंद करून त्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. पुरुषांचे मठ जवळजवळ सगळे गेले, बायकांचे मात्र बरेच वाचले. म्हणून आज वस्ती असलेला जुना मठ बघायचा म्हटलं तर तो बहुधा नन्सचाच निघतो.

सेव्हिलमध्ये हे दोन्ही नमुने एका दिवसात होतात. नदीपलीकडच्या ला कार्तुहा मठातले संन्यासी तेव्हाच हाकलले गेले आणि 1841 साली पिकमन नावाच्या इंग्रजाने तिथे चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. कोलंबसचे अवशेष काही वर्षं ज्या मठात होते, त्याच्या आवारात आज भट्ट्यांची उंच धुराडी उभी आहेत आणि आत आधुनिक कलेचं संग्रहालय. विचित्र जागा आहे, पण कंटाळवाणी नाही. उलट सांता पाउलामध्ये नन्स राहतात, दार 1504 सालचं रंगीत चकाकत्या फरशांचं, आत छोटं संग्रहालय. इथल्या नन्सपैकी काही केरळच्या आहेत. त्या मुरंबे करून विकतात, संत्र्याचा घ्या.

पण एकच शहर मठांसाठी राखायचं असेल तर मी बुर्गोस म्हणेन. लास उएल्गास, 1187 सालचा, सिस्टर्शियन पंथाच्या नन्स अजून आहेत, मार्गदर्शकाबरोबरच बघावा लागतो. इथली मठाधिपतीण कुठल्याही बिशपला जुमानत नसे, आसपासच्या गावांवर तिचाच हुकूम चाले, आणि हे 1873 पर्यंत चाललं. चर्चमध्ये लोखंडी व्यासपीठ आहे ते फिरतं. प्रवचनकार एकदा नन्सकडे वळायचा, एकदा बाहेरच्या लोकांकडे. संग्रहालयात राजघराण्यातल्यांच्या कबरींतून निघालेले कपडे आहेत. 1275 मध्ये वारलेल्या युवराज फर्नान्दोची कबर नेपोलियनच्या सैनिकांच्या हातून सुटली, म्हणून त्याच्या टोपीसकट सगळा पेहराव शाबूत राहिला. कापडाची आवड असेल तर इथून पाय निघत नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मिराफ्लोरेस, कार्थुसियन संन्याशांचा. त्यांचा मौनाचा नेम, त्यामुळे चर्च आणि लगतच्या एक-दोन जागाच बघायला मिळतात, पण खिल दे सिलोएने अलाबास्टर या मऊ, पांढरट दगडात घडवलेली राजदंपतीची कबर, आठ कोनांच्या ताऱ्यासारखी, एवढ्यासाठीही जावं. गुलाबपाकळ्यांच्या जपमाळा तिथेच विकत मिळतात आणि त्यांना खरोखर गुलाबाचा वास येतो.

तोलेदोला गेलात तर सान हुआन दे लोस रेयेस मठ वाटेतच आहे, वीस मिनिटं पुरतात. बाहेरच्या भिंतीवर टांगलेल्या बेड्या सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या. आविलाला, संत तेरेसाच्या गावी, फक्त तिच्याबद्दल ओढ असेल तरच जा.

आत जायला वेळच नसेल तर निदान नन्सची मिठाई घ्या. माद्रिदला सान मिगेल बाजाराजवळ कार्बोनेरास मठ आहे. दारावरची घंटा वाजवायची, आत भिंतीत लाकडाचा फिरता पिंप असतो. पलीकडून आवाज येतो, ‘आवे मारिया पुरीसिमा’. काय हवं ते सांगायचं, पैसे पिंपात ठेवायचे, पिंप फिरतो आणि खोका समोर येतो. चेहरा दिसत नाही. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी बघाव्यात. ‘येमास’ म्हणजे अंड्याचा बलक आणि साखर. ‘मान्तेकादोस’ आणि ‘पोल्वोरोनेस’मध्ये बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, खोक्यावर ‘मान्तेका दे सेर्दो’ लिहिलेलं असतं. बदामाचं मार्झिपान त्यातल्या त्यात बिनघोर, फक्त वरून अंडं लावलंय का ते विचारून घ्या.