फंडेड पीएचडीसाठी पणजीतल्या परदेशी शिक्षणाच्या कन्सल्टन्सीत गेले होते, ५ पैकी २ स्टार

नाव लिहीत नाही, कारण पणजी-मडगावला अशी बरीच ऑफिसं आहेत आणि मला जे सांगायचंय ते एकाच ऑफिसापुरतं नाही. पण कोणी कॉम्प्युटेशनल लिंग्विस्टिक्समध्ये (म्हणजे कॉम्प्युटरला माणसांची भाषा समजावण्याच्या विषयात) पीएचडी करायची म्हणून पैसे भरायला निघालं असेल तर आधी हे वाचा प्लीज.

मी डिचोलीची, एम.ई. कॉम्प्युटर केलंय, नंतर दोन वर्षं पर्वरीला नोकरी. मला काम करायचं होतं ते आपल्याकडच्या कोंकणी-मराठी मिसळीवर. आमच्या घरात आजी सहज म्हणते, 'आज बाजारात बांगडे बरे आसात, घेऊन ये', आता हे वाक्य मशीनला दिलं तर ते मराठी म्हणेल की कोंकणी? लिपी दोन्हीची देवनागरी, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून काही कळत नाही, आणि तीच कोंकणी कोणी रोमीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, टाइप केली की अजून वेगळा गोंधळ. गूगल ट्रान्सलेटमध्ये कोंकणी आली २०२२ ला, गोवा युनिव्हर्सिटीत कोंकणी वर्डनेटचं (शब्दांचे अर्थ आणि त्यांची एकमेकांशी नाती नोंदवणाऱ्या डेटाबेसचं) काम झालंय, पण असल्या मिसळलेल्या बोलण्यावर काम करायला माणसं हवीत असं मला मनापासून वाटतं.

तर पॅकेज ₹४५,००० चं, अर्धे आधी. ऑफिस छान, मॅडम प्रेमाने बोलायच्या, 'बाय, तू टेन्शन घेऊ नको' म्हणायच्या. कागदपत्रांच्या बाबतीत काही तक्रार नाही, ट्रान्सक्रिप्ट कसे मागवायचे, इंग्रजीची परीक्षा कधी द्यायची, बँकेचे कागद कुठले, व्हिसाची चेकलिस्ट, सगळं व्यवस्थित आणि वेळेत. फोन केला की उचलायचे.

पण पीएचडी म्हणजे काय हेच तिथे कोणाला धड माहीत नव्हतं. पहिल्याच मीटिंगला लिंग्विस्टिक्स म्हटल्यावर त्यांनी इंग्रजी शिकवायच्या कोर्सची माहिती काढली, मी नाही म्हटल्यावर यूकेमधला एक वर्षाचा डेटा सायन्सचा मास्टर्स, फी आपण भरायची. मी तीनदा सांगितलं की मास्टर्स झालाय आणि मला फंडिंगच हवंय, तरी यादीत तेच कोर्स फिरून फिरून येत राहिले. नंतर कळलं की बऱ्याच एजन्सींना परदेशातल्या युनिव्हर्सिटीकडून ॲडमिशनमागे कमिशन असतं, आणि फंडेड पीएचडीत कोणी फीच भरत नाही तर कमिशन येणार कुठून. मॅडमचा वैयक्तिक दोष नाही हा, धंदाच तसा बांधलेला आहे.

खरं काय असतं ते मला शेवटी स्वतः वाचून आणि दोन सिनिअरना विचारून समजलं. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन इकडे पीएचडी ही बऱ्याचदा चक्क नोकरी असते, जाहिरात निघते, तुम्ही अर्ज करता, पगार मिळतो (जर्मनीत सरकारी स्केल असतो, टीव्ही-एल १३, त्यात पूर्ण पगाराच्या ६५ टक्के की ७५ की पूर्ण ते जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते नक्की बघा). या जागा यूरॅक्सेस आणि लिंग्विस्ट लिस्ट या वेबसाइटवर फुकट दिसतात. अमेरिकेत फंडिंग मिळालं की ट्यूशन माफ आणि वर स्टायपेंड, बदल्यात शिकवायचं नाहीतर प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर काम, बऱ्याच ठिकाणी अर्ज डिसेंबरमध्ये बंद होतात. आणि भारतातच करायचं असेल तर नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही सरकारी फेलोशिप, २०२३ पासून महिना ₹३७,००० पहिली दोन वर्षं, पुढे ₹४२,०००, वर घरभाडं वेगळं. आयआयटी मुंबई आणि ट्रिपलआयटी हैदराबाद इथे भारतीय भाषांवर कितीतरी वर्षं काम चाललंय. यातलं एक अक्षर मला त्या ऑफिसात कोणी सांगितलं नाही. बाबा एकदा सोबत आले होते, बाहेर पडल्यावर म्हणाले, 'नोकरीच आहे तर नोकरी मिळवायला आपण पैसे का भरतोय गो?' मला तेव्हा राग आला होता, पण त्यांचंच बरोबर होतं.

दुसरी मोठी चूक एसओपीची, म्हणजे अर्जासोबत आपल्याला काय आणि का करायचंय ते लिहून द्यायचं त्या निबंधाची. त्यांनी लिहून दिलेल्यात लहानपणापासून भाषांची आवड वगैरे होतं आणि माझ्या कामाबद्दल एक ओळ. मी तो बाजूला ठेवला. त्याऐवजी काय केलं तर आजीचं आणि शेजारपाजारचं बोलणं त्यांना विचारून रेकॉर्ड केलं, २८० वाक्यं उतरवली, मग मी आणि मावसबहिणीने वेगवेगळं बसून प्रत्येक शब्दाला मराठी की कोंकणी असं टॅग लावलं, आणि दोघींचं किती जुळतं ते कप्पा (नुसत्या योगायोगाने जुळेल ते वगळून खरं किती जुळलं ते सांगणारा आकडा) काढून मोजलं. वाचायला लागणारे पेपर एसीएल अँथॉलॉजीवर (या विषयाच्या पेपरांची ऑनलाइन लायब्ररी) फुकट आहेत, रोज रात्री जेवणानंतर एक. मग ज्या प्रोफेसरांचे पेपर खरंच वाचले होते अशा सहाच जणांना ईमेल केले, प्रत्येकाला वेगळा, डेटा जोडून. दोघांचं उत्तर आलं.

जर्मनीतल्या इंटरव्ह्यूत मला माझे मार्क कोणी विचारले नाहीत. पहिला प्रश्न होता, तुमचं दोघींचं नेमकं कुठे जुळलं नाही? मी म्हटलं, घर, हात, काम असल्या शब्दांवर, दोन्ही भाषांत तेच आहेत, बहीण आजूबाजूचे शब्द बघून ठरवायची आणि मी बोलणाऱ्याची घरची भाषा बघून. मग 'दोन्ही' असा तिसरा टॅग ठेवायचा का, ठेवला तर मॉडेल सगळंच तिथे ढकलणार नाही का, यावर वीस-पंचवीस मिनिटं नुसती चर्चा, मी इंटरव्ह्यू विसरूनच गेले होते. तीच जागा मिळाली, ७५ टक्के पगाराची, तीन वर्षांचा करार, ऑक्टोबरपासून.

राहिलेले अर्धे पैसे मी भरले नाहीत, आधीचे परत मागितले तर मिळाले नाहीत, पावतीच्या मागे तसं छापलेलं होतं आणि मी वाचलं नव्हतं, तुम्ही वाचा. मास्टर्सला जायचंय आणि फी भरायची तयारी आहे अशांना हे ऑफिस चालेल. पीएचडीवाल्यांनी जाऊ नये, गेलात तर फक्त व्हिसाच्या कागदांसाठी वेगळे पैसे ठरवून जा. माझी व्हिसाची फाइल मी त्यांच्याच चेकलिस्टने लावली आणि एकही कागद कमी पडला नाही, दोन स्टार त्याचे.