गड्ड्यामागे वीस रुपये

छोटा हत्ती टेम्पो घेऊन चार माणसं दारात येतात. कुंपणावरची, झाडावर चढलेली वेल बघतात आणि म्हणतात, "मुळासकट काढून देतो, पुन्हा उगवली तर पैसे परत." दिवाळीनंतर दापोली तालुक्यातल्या आमच्या घरी आईकडून त्यांनी अठरा हजार रुपये नेले. ही माणसं एका जागी थांबणारी नाहीत आणि वेली काय, सगळ्यांच्याच परसात आहेत. म्हणून काय झालं ते तपशिलात लिहिते.

वेल म्हणजे ती गुलाबी फुलांच्या झुपक्यांची, बदामाच्या आकाराच्या पानांची. नर्सरीवाले तिला आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. मूळची मेक्सिकोची, शोभेसाठी जगभर नेली गेली आणि पॅसिफिकमधल्या बेटांपासून फ्लोरिडापर्यंत लोकांच्या डोक्याला ताप होऊन बसली. दिसते मात्र सुरेख, आणि मधमाश्यांची तिच्यावर झुंबड असते. वडिलांनी हौसेने फाटकावर चढवली होती. ते गेल्यावर तिच्याकडे कुणी बघितलं नाही. ती चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, गोठ्याच्या कौलांवर गेली आणि तिथून हापूसच्या दोन कलमांवर. वरून कितीही छाटा, हिचा खरा जीव जमिनीखालच्या गड्ड्यांत असतो. एक गड्डा राहिला तरी तिथून नवा कोंब येतो.

आईला घाई होती ती मोहोराची. डिसेंबर-जानेवारीत मोहोर येतो, त्याआधी कलमं मोकळी व्हायला हवीत. गड्याला पाचशेच्या वर मजुरी देऊनही माणूस मिळत नाही, मिळाला तर कबूल केलेल्या दिवशी येत नाही. अशा वेळी चौघं जण कुदळ-कोयत्यासकट आपणहून दारात उभे राहिले तर कोण नाही म्हणेल?

त्यातला बोलका होता तो मुकादम. "मावशी, वरची छाटणी फुकट. आम्ही फक्त गड्ड्याचे पैसे घेतो. एका गड्ड्याला वीस रुपये. जेवढे निघतील तेवढेच द्या, नाही निघाले तर नका देऊ." ऐकायला किती सरळ वाटतं! आईने विचारलं, साधारण किती निघतील? तो म्हणाला, "पन्नास-साठ. जास्तीत जास्त शंभर." म्हणजे फार तर दोन हजार. आईने मान डोलावली.

कामाची वाटणी त्यांनी मोठी हुशारीने केली होती. दोघं पुढच्या अंगणात कलमांवरची वेल कापत होते, आईच्या डोळ्यांसमोर. खणायचं काम मात्र गोठ्याच्या मागे, जिथे घरातून काही दिसत नाही. एक जण घमेलं घेऊन टेम्पोकडे सारखा ये-जा करत होता. कधी पहार आणायला, कधी पाणी प्यायला. मधेच मुकादमाने चहा मागितला, मग गूळ आहे का विचारलं, मग वडिलांच्या फोटोकडे बघून कधी गेले, कशाने गेले ही चौकशी. आई स्वयंपाकघरात गुंतलेली राहील एवढं तो नेमाने बघत होता.

दिवस कलल्यावर अंगणात गड्ड्यांचा ढीग पडला. मोजणी दोघांनी मिळून, मोठ्याने आणि भराभर केली. आठशे सत्तर. सतरा हजार चारशे. वर "जर्मन रूट किलर" म्हणून निळं पाणी मुळांत ओतलं होतं, त्याचे चार हजार. एकूण एकवीस हजार चारशे, आणि "तुम्ही आईसारख्या" म्हणून अठरा हजार.

आईने पन्नास-साठची आठवण करून दिली. त्यावर मुकादमाचा आवाज बदलला. शिवी नाही, धमकी नाही. नुसतं, "माणसं दिवसभर राबलीत मावशी, त्यांना काय सांगू?" आणि ती तिघं मागे गप्प उभी. आई नंतर मला म्हणाली, "अगो, अंगण माझं असलं तरी कोयते त्यांचे होते." घरात आठ हजार रोख होते, ते दिले. दहा हजार त्यांच्या क्यूआर कोडवर, आईच्याच फोनवरून.

जाताना त्यांनी सगळा ढीग पोत्यांत भरून टेम्पोत टाकला. "हे इथे ठेवलं तर परत उगवेल, आम्ही नेऊन जाळतो." आईला तेव्हा ते जबाबदारीचं लक्षण वाटलं. तीच पोती पुढच्या घरी पुन्हा मोजली गेली असणार, याबद्दल माझ्या मनात तरी शंका नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना कपडे धुवायच्या दगडामागे आईला त्यातले काही गड्डे सापडले. उचलून बघते तर करांदे! कोकणातल्या बाईला करांदा ओळखायला चष्मा लागत नाही. खरबरीत तपकिरी साल, त्यावर बारीक पुटकुळ्या, नखाने खरवडलं की आत पिवळसर. दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतात, आपण मीठ घालून उकडून खातो. आणि गंमत अशी की करांदा जमिनीत लागतच नाही. तो वेलीला वरती, पानाच्या बेचक्यात लोंबतो. जमिनीतून खणून काढलेल्या ढिगात तो येईलच कसा? बाकीचे कुठल्या तरी रानकंदाचे तुकडे होते. आइस्क्रीम वेलीचा गड्डा वेडावाकडा असतो, मुळांच्या दोऱ्यात मणी ओवावेत तसे एकामागे एक सापडतात. तसे दगडामागे दोनच होते.

मी ठाण्याहून गेले तेव्हा गोठ्यामागचे खड्डे बघितले. आमची जमीन जांभ्याची, पहार लावल्याशिवाय हातभर खाली जाता येत नाही. खड्डे जेमतेम वीतभर खोल, तेही पाच-सहाच. त्यांतून आठशे गड्डे निघाले असते तर तिथे विहीर दिसायला हवी होती.

आता त्या निळ्या पाण्याची कथा. रिकामा कॅन ते परसातच टाकून गेले होते. वर ना नाव, ना कंपनी. आपल्याकडे कीटकनाशक असो की तणनाशक, डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि मुदत संपल्याची तारीख, विषबाधा झाली तर उतारा काय हे सगळं छापावंच लागतं. शिवाय तो चौकोन, टोकावर उभा केलेला, ज्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. विष किती जहाल ते त्या रंगावरून कळतं, लाल सगळ्यात वाईट. यातलं एकही नसेल तर तो कॅन घराच्या आवारात येऊ देऊ नका.

कॅनच्या तळाशी पांढरे खडे सुकून चिकटले होते. ओतलेल्या जागी माती वाळली तशी वर पांढरी पापुद्र्यासारखी साय आली. थोड्याच दिवसांत गोठ्याजवळच्या लिंबाची पानं कडेने करपायला लागली. आधी टोक, मग कड, मग गळ. त्याला खेटून उभा असलेला माड मात्र ठणठणीत. शेजारचे तात्या ते बघून हसले. "माडाला आपण मीठच घालतो. हे मीठ आहे." चाखून बघायचा मोह झाला होता, पण अनोळखी रसायन जिभेला लावायचं नसतं, म्हणून माती तपासायला दिली. क्षार बेसुमार वाढलेले निघाले. मिठाच्या पाण्यात कपड्याची नीळ, चार हजार रुपये! लिंबाच्या जातीला खारं अजिबात सोसत नाही. आता त्याच्या बुंध्याला भरपूर गोडं पाणी देऊन मीठ खाली उतरवतो आहोत. जमीन निचऱ्याची आहे आणि दापोलीचा पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर, त्यामुळे पावसाळ्यात बाकीचं धुऊन जाईल अशी आशा आहे.

खरं तणनाशक वापरलं असतं तरी ते अशा रीतीने वापरतच नाहीत. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून आत जातं आणि तिथून मुळाशी पोचतं. मातीत पडलं की मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतं, मुळांना त्याचं फारसं काही होत नाही. जाड वेल असेल तर खोड कापून त्या ताज्या कापावर लगेच ब्रशने लावतात. आधी सगळी पानं छाटायची आणि मग मुळाशी बादलीभर औषध ओतायचं, असं कुणी करत असेल तर त्याला एक तर काम येत नाही किंवा औषध औषध नाही. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटची फवारणी फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच करावी असं म्हटलं आहे. त्या ऑपरेटरला परवाना लागतो. दाखवा म्हटल्यावर जो "साहेबांकडे आहे" म्हणतो त्याला चहा देऊन वाटेला लावावं. खरं तर चहाही नको.

पंधरवड्यातच गडग्याच्या बुडातून वेलीचे तांबूस कोंब वर आले. मुकादमाचा नंबर तेव्हापासून बंद.

पैशाचं म्हणाल तर अजून काही हाती लागलेलं नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण पावती नाही, दुकान नाही, पत्ता नाही, तर तक्रार कुणाविरुद्ध नोंदवायची? पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हे तिथल्या हवालदारांनी आम्हाला समजावून सांगितलं. (आई म्हणाली, आकडा कमी झाला, लबाड नाही.) क्यूआर कोडवरून मिळालेलं नाव एका भलत्याच माणसाचं आहे. निदान दहा हजारांचा माग तरी राहिला. रोख आठ हजारांचा काही पुरावा नाही.

अशा माणसांशी कामाचं बोलताना मोजणी कशाची, हे आधी बघा. जमिनीत किती आहे हे जे आपल्याला दिसत नाही, मोजता येत नाही, त्यावर दर कधीच मान्य करू नका. गड्डा, मूळ, फूट, लिटर, काहीही असो. दिवसाची मजुरी ठरवा, नाहीतर पूर्ण कामाचा एक आकडा, आणि तो कागदावर लिहून घ्या. गॅरंटीवर तर हसा. ही वेल एका दिवसात जातच नाही. वरची कापायची, बुंध्याभोवती खणून सापडतील तेवढे गड्डे काढायचे, आणि मग पुढचे दोन-तीन पावसाळे दिसेल तो कोंब पान फुटायच्या आत उपटायचा. गड्ड्यातला साठा संपेपर्यंत हे चालतं. काढलेले गड्डे शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका, कातळावर उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मग जाळा. वेल पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यातही फेकू नका. हिचं बी पाण्यावर तरंगतं, खालच्या वाडीत तुमच्या नावाने उगवेल.

आमच्याकडे आता तात्यांचा मुलगा दर रविवारी येऊन गडग्याच्या कडेने फिरतो. कलमं मोकळी झाली, एकावर मोहोर चांगला आहे. ते श्रेय चोरांना द्यावं लागेल, वरची छाटणी त्यांनी खरोखरच चांगली केली होती.

टेम्पोचा नंबर आईने टिपला नव्हता, पण नाक्यावरच्या किराणा दुकानाच्या कॅमेऱ्यात तो अर्धामुर्धा दिसतो. ते चित्रण आम्ही अर्जाला जोडलं आहे. तुमच्या गावात, किंवा गावाकडे एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांकडे अशी माणसं येऊन गेली असतील, रक्कम पाचशे असली तरी, जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. एकट्या आमच्या अर्जावर तपास फारसा पुढे सरकणार नाही, हे तिथल्याच एका पोलिसाने सांगितलं आहे.