अडगावची लढाई मांडायची, तर शिपाई मोठे घ्यावे की लहान?

तेल्हारा-अकोटकडच्या एखाद्या शाळेने, वाचनालयाने किंवा हौशी माणसाने अडगावच्या लढाईचा कायमचा देखावा करायचं मनावर घेतलं, की पहिला घोळ शिपायांच्या मापावरून होतो. सहज मिळणारी मापं दोन. एक ५४ मिलिमीटरचं, सव्वादोन इंचाच्या आतबाहेरचा शिपाई. हौशी मंडळी त्याला १/३२ म्हणतात, म्हणजे खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या हिश्शाचा. दुसरं १/७२, म्हणजे जेमतेम इंचभर. रंगकाम, जागा, खर्च, पेटी, सगळं या एका निवडीमागून येतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: अख्खं रणांगण दाखवायचं असेल तर लहान घ्या, पण समजावून सांगणारा माणूस रोज हजर राहणार नसेल तर अख्ख्या रणांगणाच्या नादी लागूच नका.

लढाई थोडक्यात अशी. १८०३ च्या सप्टेंबरात इंग्रज-मराठ्यांची आसईची लढाई झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २९ नोव्हेंबरला, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा अडगावच्या शिवारात उतरल्या. समोर नागपूरकर दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू भोसले आणि जोडीला शिंद्यांचं घोडदळ. मराठा फौज गाव पाठीशी घेऊन लांबलचक रांगेत उभी. इंग्रज फौज सिरसोलीजवळून पुढे सरकत असताना मराठा तोफा सुरू झाल्या आणि इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल बुजून मागे फिरले. त्या गोंधळात आसईला पाय रोवून लढलेल्या इंग्रजांच्याच तीन पलटणी पळत सुटल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्या पुन्हा जमवल्या. आपण तिथे नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. खरा हल्ला साडेचारच्या सुमारास सुरू झाला, पाठलाग चांदण्यात चालला आणि मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या.

आता या सगळ्याचं माप काढून बघा. एक पलटण घ्या: ७०० शिपाई, दोन ओळी, माणशी दोन फूट जागा. ओळ झाली ७०० फुटांची. १/७२ मध्ये ती पावणेदहा फूट भरते, ५४ मिलिमीटरमध्ये जवळजवळ २२ फूट. एका पलटणीत वर्गखोली संपली. सिरसोलीपासून अडगावपर्यंतची जमीन त्याच मापात मांडायची म्हटली, तर एक किलोमीटरला लहान मापात १४ मीटर आणि मोठ्या मापात ३१ मीटर लागतील. म्हणून रणांगण मांडणारा प्रत्येक जण दोन मापं वापरतो, शिपायाचं वेगळं आणि जमिनीचं वेगळं, आणि एका शिपायाला पन्नास माणसांच्या जागी उभं करतो. इंग्रजांची फौज अकरा हजारांच्या घरात धरली तर त्यांचे २२० शिपाई झाले. १/७२ च्या एका डब्यात पायदळाचे चाळीस-पन्नास शिपाई येतात, म्हणजे पाच-सहा डब्यांत ही बाजू उरकते, आणि आठ बाय चारच्या प्लायवर दोन्ही फौजा आमनेसामने बसतात. ५४ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक संचात पंधराच्या आसपास शिपाई असतात. पंधरा संच घेऊन झाले तरी मराठा बाजू अजून सुरूच झालेली नसते.

मराठा बाजूचं दुखणं दोन्ही मापांत सारखंच आहे. तयार संच सहज मिळत नाहीत. अरब, मुघल, तुर्क असे जे मिळतील ते घेऊन पागोटी, दुपट्टे आणि ढाली एपॉक्सी पुटीने चढवाव्या लागतात. लहान मापात हे काम पटकन होतं, कारण तीन फुटांवरून पागोटं म्हणजे रंगाचा एक ठिपका. मोठ्या मापात पागोट्याचा पेच चुकला तर गावातला कुणी ना कुणी म्हातारा तो दाखवून देणारच.

रंगाचंही तसंच. १/७२ चा शिपाई बहुधा मऊ प्लॅस्टिकचा असतो. साबणाच्या पाण्याने धुऊन प्रायमर मारला नाही तर संगिनीवरचा रंग महिनाभरात कपच्यांनी निघतो. चेहरा मात्र एका ठिपक्यात होतो. ५४ मिलिमीटरला डोळे काढावे लागतात. डोळा जरा तिरका गेला की शिपाई चकणा दिसतो आणि पोरं तेवढंच लक्षात ठेवतात.

तरीही मोठ्या शिपायाची एक बाजू मला फार जड वाटते. देखाव्यापुढे उभं राहिलेलं पोरगं पहिला प्रश्न विचारतं, "यात आपले कोनते?" लहान मापात एकीकडे लाल ओळ दिसते आणि दुसरीकडे रंगीबेरंगी. उत्तर आपोआप तयार होतं: लाल ते गोरे, बाकीचे आपले. ते खरं नाही. वेलस्लीच्या फौजेत ७४, ७८ आणि ९४ या क्रमांकांच्या गोऱ्या पलटणी होत्या, पण लाल डगल्यातले बहुतेक जण मद्रासकडचे शिपाई. शिवाय म्हैसूरचे घोडेस्वार होते, आणि स्टीव्हन्सनची फौज हैदराबादेहून आलेली. मराठ्यांकडून ७४ आणि ७८ वर तुटून पडले ते अरब पायदळ, आणि तिथेच कापले गेले. ५४ मिलिमीटरमध्ये हे सांगायला पाटी लागत नाही. मद्रासी शिपायाचा डगला लाल, डोक्यावर गडद पगडीवजा टोपी, खाली मांडीपर्यंतची पांढरी चड्डी आणि उघडे सावळे पाय. तो गोऱ्या शिपायाशेजारी उभा केला की पोरगं गप्प होऊन बघत बसतं आणि मग दुसरा, जास्त अवघड प्रश्न विचारतं. हरलेली लढाई कशाला मांडता, असं विचारणाऱ्या मोठ्यांनाही मी हेच दोन शिपाई दाखवीन.

म्हणून जिथे राखणदार नाही, सांगणारा नाही, फक्त एक कोपरा आणि एक कुलूप आहे, तिथे ५४ मिलिमीटर घ्या आणि एकच क्षण मांडा: सिरसोलीजवळ बुजलेले बैल. एक तोफ, बैलांच्या दोन जोड्या, कासरा सुटलेला हाक्या, पाठ फिरवलेले सात-आठ शिपाई आणि त्यांना अडवणारा घोड्यावरचा एक अधिकारी. अडीच बाय दीड फुटाच्या पेटीत हे मावतं. वऱ्हाडातल्या माणसाला बुजलेला बैल समजावून सांगावा लागत नाही. अडचण एवढीच, की बाहेरच्या संचांतले बैल बिनवशिंडाचे असतात आणि ते तोफेला जुंपले की सगळा देखावा परक्या मुलखातला वाटू लागतो. खांद्याशी साडेचार फुटांचा बैल या मापात पावणेदोन इंचांचा होतो, तेवढा मातीचा बैल कुंभार सहज करून देतो. १/७२ मध्ये तोच बैल पाऊण इंचाचा, आणि त्याचे मातीचे पाय भट्टीपर्यंतही टिकत नाहीत. लहान मापात वशिंड पुटीने बसवणं हाच इलाज.

ऊन आणि उधळी (वाळवी) यांचा विचार न करता केलेला देखावा इथे एक उन्हाळा काढतो, दुसरा नाही. अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. टिनाच्या छपराखाली, बंद काचेत, खिडकीच्या उन्हात तो त्याहून कितीतरी वर जातो. ग्लू गनने चिकटवलेले शिपाई त्या उष्णतेत एकेक करून आडवे होतात. स्वस्त थ्रीडी प्रिंटचे शिपाई साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात आणि भाले वाकतात. चिकटवायला एपॉक्सी वापरा आणि पेटी दक्षिण-पश्चिमेच्या खिडकीपासून लांब ठेवा. जुने शिशाचे शिपाई कुणी भेट दिले तर ते लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि नव्या प्लायच्या घट्ट बंद पेटीतही ठेवू नका. लाकडातून आणि त्याच्या गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई आतून झिजत जातो. उधळीसाठी पेटीचे पाय लोखंडी हवेत, आणि पेटी भिंतीला टेकलेली नको. या बाबतीत मोठ्या शिपायांची छोटी पेटी उजवी ठरते. आठ बाय चारच्या टेबलावर काचेचं झाकण चढवायचं म्हणजे वजनही आलं आणि खर्चही, आणि उघडं ठेवलं तर धूळ, उंदीर आणि सुट्टीतली पोरं, या क्रमाने नुकसान होतं.

जमिनीचं काम मात्र लहान मापात जास्त खुलतं. थर्माकोलचे डोंगर करू नका. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहेच, शिवाय त्यावर स्प्रेचा रंग मारला की ते विरघळतं. कागदाचा लगदा आणि भुसा चांगला. काळी माती शेतातलीच घ्या, पण जाड थर देऊ नका. वाळली की भेगा पडतात, आणि इंचभर शिपायाशेजारी ती भेग नाल्याएवढी दिसते. कपड्याने चाळून गोंदावर नुसती भुरभुरायची. नोव्हेंबरअखेरीस वऱ्हाडात ज्वारी उभी असायची. जुन्या वाणांची नऊ फुटी ज्वारी १/७२ मध्ये दीड इंच होते, म्हणजे शिपायापेक्षा उंच. खराट्याच्या काड्यांची एक पट्टी धुऱ्याशी लावा, सगळ्या शिवारात लावली तर फौज दिसायचीच नाही. सोयाबीन नको, सुबाभूळ नको, टिनाची छपरं तर नकोच. कडुनिंब आणि पऱ्हाटी चालेल. उत्तरेला मागच्या फळीवर सातपुड्याची निळसर रेघ रंगवा आणि पिवळा दिवा पश्चिमेकडून, खालून टाका, कारण लढाई दिवस कलताना झाली. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती दुपार बाराची वाटते.

लढाईच बदलायची असेल तर चिखलदऱ्याचा गाविलगड विचारात घ्या. १५ डिसेंबर १८०३ ला तो पडला. स्टीव्हन्सनने तोफा डोंगरातून वाट काढत उत्तरेच्या बाजूला आणल्या, बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, आणि आतल्या तटाला कॅप्टन कॅम्पबेलच्या ९४ व्या पलटणीतल्या शिपायांनी शिड्या लावल्या. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोन दिवसांनी इंग्रज आणि भोसल्यांमध्ये देवगावचा तह झाला. हा देखावा उभा असतो, आडवा नव्हे, त्यामुळे जागा कमी खातो आणि ५४ मिलिमीटरला अगदी योग्य: तट, शिडी, वर दहा, खाली दहा. मेहनत मात्र सगळी दगडी तटात जाते. दिवाळीला किल्ला करायची सवय असलेली दोन पोरं हाताशी असतील तर हेच निवडा. १८१७ ची सीताबर्डी नागपूरकरांसाठी ठीक आहे. खेड्यातल्या शाळेला स्वतःच्या शिवाराची लढाई सोडून तिथे जायचं कारण मला दिसत नाही.

मूर्तिकाराकडून सहा-आठ इंची मातीचे शिपाई करून घ्यायचा पर्यायही लोक सुचवतात. गणपतीच्या दहा दिवसांना उत्तम. वर्षभर ठेवायला नाही. तलवार धरलेले हात आधी जातात.

ज्या वाचनालयात रोज संध्याकाळी बसणारा, अर्धा तास बोलायची हौस असलेला एखादा निवृत्त मास्तर आहे, तिथे मात्र माझं मत उलटं. तिथे लहान शिपायांचं टेबल मांडा, आणि शिपाई पन्नास-साठच्या गटाने वेगवेगळ्या पट्ट्यांवर चिकटवा, म्हणजे साडेचारची मांडणी आणि चांदण्यातली मांडणी मास्तरांना हाताने बदलता येईल. टेबलाची उंची अडीच फूट ठेवा, चौथीच्या पोराला टाचा न उचलता दिसलं पाहिजे. पाटीवर तारीख, दोन्ही बाजूंचे सरदार आणि कोणत्या पट्टीवर कोणाचे शिपाई, एवढंच, मोठ्या अक्षरांत.

बैलांचं कुंभाराला पोळ्याच्या आधी सांगून ठेवा. त्या दिवसांत त्याचा हात बैलांवर बसलेला असतो, नंतर तो दिव्यांच्या कामाला लागतो. पावणेदोन इंचांचं माप कागदावर काढून द्या, नाहीतर तो पूजेच्या मापाचेच बैल करून देईल आणि तोफ त्यांच्यापुढे खेळण्यासारखी दिसेल. चारच्या ऐवजी सहा सांगा, शिंगं मोडतातच.