वर्षभराचा बिनडेटाचा रिचार्ज आणि आईच्या फोनमधली बाई

"ती बाई परत आली बघ," आई परवा सकाळी चहा गाळताना म्हणाली, तेव्हा लक्षात आलं की रिचार्जचं वर्ष भरत आलं. आत्ताच लिहून टाकतो. एकदा पैसे भरले की माझा राग निवतो आणि लिहायचं राहून जातं.

आमचं घर बेळगावजवळ तुरमुरीत, वेंगुर्ला रस्त्यावर. पुढं बाची, आणि बाची ओलांडली की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. मी शिनोळीच्या कारखान्यात हिशेब बघतो. आईचा नंबर कर्नाटक सर्कलचा, म्हणजे फोन कंपन्यांच्या कर्नाटक विभागाचा, आणि जुना. बँक, गॅस, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० जमा झाल्याचा मेसेज, सगळं त्यावरच येतं. तेव्हा नंबर बदलायचं नाव काढायचं नाही.

जुलै २०२४ ला दर वाढले आणि आईचा १७९ चा रिचार्ज १९९ झाला. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षाला १३ रिचार्ज, म्हणजे २५८७ रुपये. त्यात मिळणारा डेटा आईला लागतच नाही. घरी वायफाय आहे, आणि घराबाहेर ती फोन पिशवीतून काढतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, कंपन्यांना सांगितलं की नुसतं बोलणं आणि एसएमएस असाही रिचार्ज ठेवा, आणि मुदत ९० दिवसांवरून ३६५ पर्यंत नेली. जानेवारीत ते रिचार्ज आले. फेब्रुवारीत मी १८४९ चा, ३६५ दिवसांचा मारला. दुकानदार म्हणाला होता, "असलं काय न्हाई ओ, डेटाबिगर कोण घेतंय?" अ‍ॅपमध्ये तो इतक्या तळाला होता की अंगठा दुखेपर्यंत खाली सरकवत गेलो तेव्हा सापडला.

पहिले दोन महिने मी या रिचार्जला भेटेल त्याच्याकडं शिव्या घालत होतो. वाचले किती? ७३८ रुपये. तेही वर्षाचे पैसे एकदम मोजून द्यायचे तेव्हा. वर ३६०० एसएमएस. आईनं जन्मात एक एसएमएस पाठवलेला नाही. तिचा तो कोटा गावजेवणासारखा वाटून टाकला तरी सरायचा नाही. डेटा काढून घेतला तर किंमत निम्म्यावर यायला हवी होती, असं माझं मत होतं. ते अजूनही आहे. खरं मधे एक गोष्ट झाली.

मे महिन्यात कधीतरी ध्यानात आलं, आई हल्ली "हे बघ रे, काय म्हणत्या ही" म्हणत फोन माझ्याकडं आणून देत नाही. कारण ती बाई बंद झाली होती.

ती बाई कोण, हे प्रीपेडवाल्यांना सांगायला नको. मुदत संपत आली की नंबर लावल्यावर रिंग जायच्या आधी बोलते ती. आईला बाजारापुरतं कन्नड येतं. एष्टु, बेडा, चिल्लर कोडी, एवढ्यावर बेळगावच्या गणपत गल्लीतून भाजी घेऊन येते. फोनमधल्या बाईचं कन्नड मात्र सरकारी कागदासारखं. आईला वाटायचं आपण चुकीच्या घरी फोन लावला. "चुकून लागला ओ, ठेवते हां," म्हणून ठेवायची. परत लावायची, परत तीच बाई. माझ्या मावशीला हलकर्णीला फोन लावायचा तर चार वेळा माफी मागून व्हायची. २८ दिवसांचा रिचार्ज होता तेव्हा हे वर्षातून १३ वेळा, दर वेळी तीन-चार दिवस. म्हणजे वर्षाला दीडेक महिना आमच्या घरी ही बाई मुक्कामाला.

मी तेव्हा कंपनीशी भांडून बघितलं होतं. मागणी साधी होती: या नंबरवर बाईला मराठीत बोलायला लावा. भाषा निवडायच्या यादीत कन्नड, हिंदी, इंग्रजी. मराठी नाही. मग १९८ ला तक्रार केली, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, घेतला. दोन दिवसांनी मेसेज आला, तक्रारीचं निवारण झालं आहे. तोही इंग्रजीत. अपील करता येतं, तेही केलं. तिकडून एका पोरीचा फोन आला, बिचारी गोड बोलली, म्हणाली तुमचा नंबर ज्या सर्कलचा, त्या सर्कलच्या भाषा. मी म्हटलं, अहो, आमच्या स्वयंपाकघरात शिनोळीचा टॉवर येतो आणि सोप्यात इकडचा. आई आत फोडणी देताना बोलत असली तर ती महाराष्ट्रातून बोलते, बाहेर आली की कॉल तुटतो. पोरगी हसली. डॉकेट परत बंद.

(हे खोटं नाही. मी रोज मोटारसायकलवरून बाची ओलांडतो तेव्हा स्वागताचा मेसेज येतो, संध्याकाळी परत दुसरा. २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा पडून आहे, आणि माझ्या फोनमध्ये दिवसातून दोनदा सीमा ओलांडली जाते.)

रागाच्या भरात शिनोळीतून महाराष्ट्राचं एक सिम घेतलं आणि महिनाभर आईच्या फोनच्या दुसऱ्या खणात घातलं. मुदत संपताना बाई आली, शुद्ध मराठीत. "प्रिय ग्राहक, आपली वैधता..." आईनं फोन कानापासून लांब धरला. "ही कुठली रे? आपल्यातली न्हवं." वैधता म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागलं. ते सिम आता ड्रॉवरमध्ये आहे. २० रुपये शिल्लक ठेवली की लगेच बंद होत नाही, म्हणून ठेवलंय.

तेव्हा माझं मत असं बदललं: वर्षाचा रिचार्ज म्हणजे बाई १३ वेळा ऐवजी एकदाच. ७३८ रुपये गेले खड्ड्यात, मी यासाठी वर शंभर दिले असते.

वाईट काय, तेही सांगतो. आई गल्लीतल्या बायकांबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेली. बाकीच्या बायका तिथून व्हिडिओ कॉल लावून नातवंडांना देऊळ दाखवत होत्या. आईच्या फोनवर गोल फिरत राहिलं. घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. "माझाच फोन का मुका?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, हिशेबाची वही दाखवून काही उपयोग नव्हता. ज्यांचे आईवडील देवदेव करत फिरतात, त्यांनी डेटाचाच घ्यावा.

माझ्या स्वतःच्या नंबरवर ८४ दिवसांचा डेटावाला आहे. त्यात लिहिण्यासारखं काही नाही, चालतो.

आता आठवडा राहिलाय. काल आई मावशीला फोन लावत होती, मी सोप्यात जेवत होतो. बाई सुरू झाली. आई या वेळी ठेवेल म्हणून मी उठणार, तोवर तिनं भिंतीला टेकून शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हां, हां, गोत्तातु." म्हणजे कळलं. मग मावशीची रिंग वाजली.