हॉफनर ५००/१: अकरा महिने वाजवल्यावर

जर्मनीतल्या एर्लांगेनला राहायला आल्यापासून बुबेनरॉइट स्टेशन रोज ट्रेनमधून दिसायचं. आपल्या आवडत्या हॉफनर ५००/१ या बेस गिटारचं हे माहेर, हे कळायला मला चार वर्षं लागली! खरं तर ती बनवणारे हॉफनर मूळचे शोनबाखचे, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकातल्या लुबीचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन वाद्यकारागिरांना गाव सोडावं लागलं आणि १९४९ पासून बुबेनरॉइटला त्यांची वसाहत उभी राहिली. व्हायोलिनवाल्यांच्या घरातल्या वाल्टर हॉफनरने १९५५ साली बेस गिटार आखली, तीही व्हायोलिनच्याच आकाराची. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये ती हॅम्बुर्गला घेतली. तो डावखुरा, दोन्ही बाजू सारख्या असल्याने उलटी धरूनही वाद्य विचित्र दिसत नव्हतं.

माझी नवी, पण साठच्या दशकाच्या धाटणीची. दोन हजार युरोंच्या वर गेले, घरी आकडा जरा कमी सांगितला. हातात घेतली तर खेळण्यासारखी हलकी: आतून पोकळ, वर स्प्रूसचं लाकूड, पाठीला मेपलचं. पण अंग हलकं म्हणून मान खाली झुकते. खरबरीत चामड्याचा पट्टा लावला तेव्हा डावा हात मोकळा झाला.

आवाज ‘ठुम्’ असा येतो आणि लगेच विरतो. पहिले दोन महिने मला हा दोषच वाटला. मग लक्षात आलं, सूर लवकर विरल्यामुळे ड्रमला जागा मिळते आणि मी उगाच भरलेले स्वर आपोआप गळाले. तालमीत आवाज चढवला की मात्र पोकळ पेटी घुमायला लागते. ॲम्प्लिफायरपासून दोन पावलं लांब उभं राहायचं.

सगळ्यात मोठा घोळ मीच घातला. तारा बदलताना चारही एकदम काढल्या. इथली घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, चिकटवलेली नसते, व्हायोलिनसारखी तारांच्या दाबावर उभी असते. ती सुटून पडली आणि बाराव्या पडद्यावरचा सूर जुळवण्यात अख्खा रविवार गेला. आता घोडीच्या जागी पेन्सिलची खूण आहे आणि एकेकच तार बदलतो. शिवाय ३० इंचांच्या मापाच्याच तारा घ्या. ३४ इंचीवाल्या घेऊन मी पैसे फुकट घालवले. सध्या बुबेनरॉइटच्याच पिरॅमिड कंपनीच्या फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेढ्यांच्या तारा आहेत. जितक्या मळतात तितक्या गोड वाजतात.

गेल्या महिन्यात हॉफनरचीच एक जुनी ‘क्लब’ बेसही घरात आली. तिचा आकडा अजून सांगितलेला नाही.